फ्लोमच्या खाडीवर चार रात्री: भिशीतल्या पाच जणींचं नॉर्वे

नॉर्वे महाग आहे, हे सगळेच सांगतात. नेमकं काय महाग आहे, ते कोणी सांगत नाही. डोंगर फुकट, धबधबे फुकट, खाडीकाठची पायवाट फुकट, नळाचं पाणी थेट पिता येतं. महाग तीनच गोष्टी: रात्रीचं छप्पर, दुसऱ्याने रांधलेलं अन्न आणि रोज उठून नव्या गावाला पळायची हौस. यातली हौस आपल्या हातात आहे. ती सोडली की बाकीच्या दोन आवाक्यात येतात, कारण एकाच जागी चार रात्री राहायचं ठरलं की स्वयंपाकघर असलेलं घर घेता येतं. मी तीस वर्षं चिपळूणला एका पतसंस्थेत कॅशला बसले. त्यामुळे भिशीतल्या आम्हा पाच जणींचा हिशोब आपसूक माझ्याकडे आला, आणि आता जी-ती मलाच विचारते की तुम्ही जमवलंत कसं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी पैसे. ते भिशीत ठेवू नका. नंबर लागला की भिशीचा पैसा फ्रिजमध्ये जातो नाहीतर पोराच्या फीमध्ये. आम्ही प्रत्येकीने आपापल्या नावावर रिकरिंग काढली: महिना ५,००० रुपये, ३६ महिने. मुद्दल १,८०,००० आणि वर व्याज. विमान, व्हिसा, विमा वजा जाऊन उरलेल्या पैशात सात दिवस बसवायचे होते, ते बसले. कपड्यांचं ज्याचं त्याने पाहावं, असं ठरलं होतं. ते शहाणपणाचं ठरलं, कारण एकीने नुसत्या बुटांवर जे उधळलं त्यात माझे तीन दिवस निघाले असते.

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे व्हिसा शेंगेनचाच. जास्त रात्री नॉर्वेत काढणार असाल तर अर्जही नॉर्वेकडेच करायचा. मोठ्या माणसाची फी ९० युरो, वर अर्ज केंद्राचे वेगळे पैसे. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. पाच जणी एकत्र जात असलो तरी फाइल प्रत्येकीची स्वतंत्र. राहण्याच्या बुकिंगवर पाचही नावं घालून घ्या. आमच्या बुकिंगवर एकीचंच नाव होतं. मग मालकाला मेल करून पत्र मागवा, ते पाच वेळा छापा, असली आठवडाभराची कटकट झाली.

कधी जायचं? ऑगस्टचा शेवटचा आठवडा. त्यांच्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, दिवस चौदा तासांचा असतो आणि रानात ब्लूबेरी पिकलेली असते. फक्त पंचांग बघूनच तिकिटं काढा. कोकणातली बाई गणपती सोडून फियॉर्ड, म्हणजे तिथल्या खाड्या, बघायला जात नाही, आणि गेलीच तर तिचं तिथे लक्ष लागत नाही.

विमान मुंबई-ऑस्लो आणि परतीचं बर्गन-मुंबई असं काढा. बुकिंगच्या पानावर ‘मल्टी-सिटी’ म्हणून असतं ते. ऑस्लोला परत यायचा एक दिवस आणि सात तासांची रेल्वे वाचते. आमच्या सहा रात्री अशा: ऑस्लो एक, फ्लोम या खाडीकाठच्या गावात चार, बर्गन एक. ऑस्लोच्या विमानतळावर उतरलात की समोरच खास जलद गाडीची जाहिरात दिसते. तिकडे बघू नका. त्याच स्टेशनातून साधी गाडी सुटते. ती पाचेक मिनिटं जास्त घेते आणि तिकीट साधारण निम्मं. संध्याकाळी ऑपेरा हाउसच्या उतरत्या संगमरवरी छपरावर चालत वर जायचं, खाली पाण्याकडे बघत बसायचं, आणि झोपायचं. ऑस्लोला एवढंच. तिथलं आणखी काय काय ‘पाहिलंच पाहिजे’ याची यादी घरून कोणी पाठवली तर तिला उत्तर देऊ नका.

ऑस्लो-बर्गन रेल्वेवर मिरदाल नावाचं स्टेशन आहे, तिथे उतरून फ्लोमची गाडी धरायची. या मुख्य मार्गावर कमी दराची तिकिटं मोजकी असतात. साधारण तीन महिने आधी विक्री उघडली की पहिल्या आठवड्यातच घ्या. नंतर तेच तिकीट दुप्पट झालेलं मी पाहिलं आहे. सदुसष्ट पूर्ण झालेल्यांना ज्येष्ठांची सवलत असते. आमच्यातल्या मास्तरीणबाई तेवढ्यासाठी तीन वर्षं थांबायला तयार होत्या. रेल्वे, बस, बोट या सगळ्याचं वेळापत्रक ‘एन्तूर’ या एकाच ॲपमध्ये सापडतं. वाटेत फिन्से लागतं: उंची १,२२२ मीटर, या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन, आणि समोर हिमनदी. गाडी थांबली की दारापर्यंत जाऊन एकदा ती हवा नाकात घ्याच.

मिरदाल ते फ्लोम ही गाडी वीस किलोमीटरमध्ये ८६७ मीटर उंचीवरून खाली खाडीकाठी उतरते. महाग आहे. तरी एकदा, एकाच बाजूचं तिकीट काढा. मध्ये क्योस धबधब्यापाशी पाच मिनिटं थांबते आणि उन्हाळ्यात तिथे खडकावर लाल कपड्यातली एक बाई गाण्यावर नाचते. ती म्हणे त्यांच्या लोककथेतली हुल्द्रा, पुरुषांना रानात ओढून नेणारी. आमच्या डब्यात तेवढ्यात सात आसरांचा विषय निघाला आणि गाडी हलली तरी तो संपला नाही.

आता पतसंस्थेतल्या बाईचं थोडं ऐका. नॉर्वेत रोख लागत नाही, स्वच्छतागृहालाही कार्ड चालतं. पण तुमच्या फॉरेक्स कार्डात नॉर्वेजियन क्रोने भरता येतो का, ते घेण्याआधी विचारा. युरो भरलेलं कार्ड तिथे वापरलं की रुपयाचा युरो आणि युरोचा क्रोने असा दोनदा बट्टा लागतो. दुकानातल्या यंत्रावर ‘रुपयांत द्यायचे की क्रोनेत’ असं आलं तर डोळे मिटून क्रोने दाबा. रुपये दाबलेत की दर त्यांचा. आम्ही सामायिक खर्चाला एकच कार्ड ठेवलं आणि रोज रात्री वहीत लिहिलं. क्रोनेला आठ-नऊ रुपये धरून सारखा गुणाकार करू नका, घास घशाखाली उतरत नाही. दिवसाला माणशी २०० क्रोने खाण्याचे, एवढं मनाशी ठेवा आणि क्रोनेतच विचार करा.

हे २०० क्रोने हॉटेलातल्या एका ताटालाही पुरत नाहीत. म्हणून कुकर. तांदूळ, मूगडाळ, पोहे, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोकम हे सगळं इथून न्या. दूध आणि मांस यांचे पदार्थ मात्र भारतातून तिथे नेता येत नाहीत, बटाटेही नाहीत. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या घरीच राहिल्या. आमच्यातल्या एकीने विमानतळावर जायच्या आधी बॅगेतून साजूक तुपाची बरणी काढली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. तिथे लोणी चांगलं मिळतं, पहिल्याच रात्री कढवून तूप केलं. आणि कुकर स्टीलचा, सपाट आणि चुंबक चिकटणाऱ्या बुडाचा न्या. मी घरातला जुना ॲल्युमिनियमचा नेला, आणि फ्लोमला घेतलेल्या लाकडी झोपडीत इंडक्शनची शेगडी होती. ती त्याला ओळखच देईना. शेवटी तिथल्या पातेल्यात झाकण ठेवून भात केला.

या झोपडीला ते ‘हित्ते’ म्हणतात. कॅम्पिंगच्या आवारात लाकडी घरं असतात, चार-सहा जणांची, वरखाली पलंग, कोपऱ्यात ओटा. पाच जणींत भाडं वाटलं की हॉस्टेलच्या खाटेइतकंच पडतं. फ्लोमला गावातच कॅम्पिंग आणि हॉस्टेल एका आवारात आहे. उन्हाळ्याचं बुकिंग सहा महिने आधी करायचं. चादरी बहुतेक ठिकाणी भाड्यात नसतात, त्यांचे वेगळे पैसे घेतात. आम्ही प्रत्येकीने दोन जुन्या सुती साड्या नेल्या. एक अंथरायला, एक दुलईच्या आत. वजनाला हलक्या, रात्री धुतल्या तर हीटरजवळ सकाळपर्यंत वाळतात. जाताना फरशी झाडून-पुसून द्यावी लागते, नाहीतर सफाईचे पैसे लागतात. पाच कोकणी बायकांना हे कोणी सांगावं लागलं नाही. फोडणी मात्र खिडकी उघडून, पंखा लावून. धुराची घंटा वाजली तर अख्खं आवार बाहेर येतं. विचारू नका मला कसं माहीत.

किराणा रेमा १०००, किवी किंवा कोऑपमध्ये. सगळ्यात स्वस्त माल खालच्या फळीवर असतो. लोंपे शोधा: बटाट्याची मऊ, पातळ पोळी, पाकिटात मिळते, तव्यावर तुपासोबत गरम केली की प्रवासातली पोळी-भाजी झाली. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी दुपारीच दोन दिवसांचं भरून ठेवा. रिकाम्या बाटल्या टाकू नका. दुकानातल्या यंत्रात घातल्या की बाटलीमागे दोन-तीन क्रोने परत मिळतात. आमच्यातली नर्स वाटेतल्या बाटल्याही उचलायला लागली तेव्हा तिला थांबवावं लागलं.

आता फ्लोम. हे गाव म्हणजे आउरलांडच्या खाडीच्या टोकाला पाच-पन्नास घरं. आपल्या दाभोळच्या खाडीसारखं काही डोळ्यांपुढे आणू नका. ही खाडी हिमनदीने कोरलेली, कडे सरळ पाण्यात उतरलेले. ती ज्या सोग्न फियॉर्डची फांदी आहे तो २०० किलोमीटरहून लांब आणि १,३०० मीटर खोल आहे. सकाळी मोठमोठी क्रूझ जहाजं धक्क्याला लागतात आणि दुपारपर्यंत गावात जत्रा असते. त्या वेळात तुम्ही डोंगरात असायचं. संध्याकाळी जहाजं गेली की गाव पुन्हा तुमचं. चार रात्री राहायचा खरा फायदा हा. एका दिवसासाठी येणाऱ्याला ती संध्याकाळ दिसतच नाही.

आम्ही रोज दोन गट केले, चढणाऱ्या आणि बसणाऱ्या, आणि कोणी कोणाला आग्रह करायचा नाही असा नियम. चढणाऱ्यांनी ब्रेक्के धबधबा गाठला. वाट तासाभराची, पण पायऱ्या दम काढतात. वरून खोरं आणि खाडी एकदम दिसते. बसणाऱ्यांनी खाडीकाठी ब्लूबेरी वेचली, करवंदं वेचावीत तशी, जिभा निळ्या होईस्तोवर. बेरी वेचायला, मोकळ्या रानात हिंडायला कोणाची परवानगी लागत नाही. १९५७च्या कायद्याने तो सगळ्यांचा हक्क आहे. तंबूही लावता येतो, घरापासून दीडशे मीटर लांब, एका जागी दोन रात्री. तुमच्या पोरांना सांगा, त्यांना हित्तेचंही भाडं लागणार नाही. जाळ मात्र करू नका. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात त्याला मनाई आहे.

एक दिवस उंड्रेदालला ठेवा. बसेस कमी आहेत, परतीची आधी बघून मगच निघा. १९८८पर्यंत या गावाला रस्ताच नव्हता. चाळीस माणसांचं एक चिमुकलं लाकडी चर्च आहे, बाराव्या शतकातलं, आणि बाकी बकऱ्या. त्या बकऱ्यांच्या दुधाचं तपकिरी चीज, ब्रुनॉस्त, तिथेच चाखा. निवळी आटवून आटवून करतात. बेळगावच्या कुंद्यात चिमूट मीठ पडलं तर जे होईल ते. दोघी त्याच्या प्रेमात पडल्या, तिघींनी चेहरे केले.

नॅरॉय फियॉर्डची बोट हा आमचा एकमेव चैनीचा खर्च. सगळ्यात अरुंद जागी अडीचशे मीटर, दोन्हीकडे कडे, २००५पासून जागतिक वारशाच्या यादीत. बोट विजेवर चालते, त्यामुळे धबधब्याचा आवाज ऐकू येतो. इथे एक युक्ती. लोक फ्लोमहून जाऊन पुन्हा फ्लोमला येतात. तुम्ही निघायच्या दिवशी बॅगा घेऊन गुडवांगेनपर्यंत, म्हणजे बोटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत, जा, तिथून बसने वॉस, वॉसहून रेल्वेने बर्गन. पुढे जायचा प्रवासही झाला आणि फियॉर्डही झाला. हीच तिकिटं एकत्र बांधून विकणारे आहेत. सुटी काढून बेरीज करून बघा आणि मग ठरवा.

बर्गनला पाऊस पडतो. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस. चिपळूणच्या बाईला हे सांगायला नको, पण तो पाऊस वेगळा: मुसळधार कमी, चिकाटी जास्त, आणि गार. छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोट-पँट हवीच. आत लोकरीचं घाला, सुती ओलं झालं की अंगाला चिकटून थंडी वाजते. हवामान तिथल्या सरकारी ‘ईर’ ॲपवर तासातासाचं मिळतं. ब्रिग्गेनची जुनी लाकडी घरं बघा, मासळीबाजारात मासे नुसते बघा (दर वाचून आमच्या नर्सने हात जोडले), फ्लोयेनच्या डोंगरावर केबल रेल्वेने चढा आणि चालत उतरा. पाय शाबूत असतील तर उल्रिकेनच्या १,३३३ पायऱ्या आहेत, नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचलेल्या. आमचे नव्हते.

विमानतळाला गावातून ट्राम जाते, पाऊण तास, साध्या शहरी तिकिटात. विमानतळाच्या बसला जास्त पैसे देऊ नका. उरलेलं मेतकूट आम्ही हॉस्टेलच्या ‘कोणीही घ्या’च्या फळीवर ठेवलं, वर इंग्रजीत लिहून की हे भातावर तुपासोबत. रेनकोट बॅगेत सगळ्यात वर ठेवा. मुंबईला उतराल तेव्हा तिथेही पडत असतो.