एलिक्सरमधून एनर्जी मीटर कसा वाचावा: वायरीला मालक एकच हवा

एलिक्सर या प्रोग्रॅमिंग भाषेतून पॅनलमधल्या मीटरचं व्होल्टेज, करंट आणि युनिट वाचून डेटाबेसमध्ये टाकायचे, एवढंच काम असतं. मीटर मॉडबस आरटीयू (सीरियल वायरीवरून उपकरणांनी बोलायची ठरलेली पद्धत) बोलतो, आरएस-४८५ च्या दोन वायरी यूएसबी अडॅप्टरला येतात आणि अडॅप्टर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला लागतो. या विषयावरचे बरेच लेख पोर्ट उघडतात, चार बाइट स्क्रीनवर छापतात आणि 'झालं' म्हणून थांबतात. ते प्रात्यक्षिक झालं. महिनोन् महिने कुणी हात न लावता चालणारी यंत्रणा उभी करायची असेल तर पुढचं वाचा.

१. तयारी

प्रोजेक्टमध्ये सर्किट्स युआर्ट ही सीरियल पोर्ट वापरायची लायब्ररी घ्या आणि पोर्ट वापरायची परवानगी मिळावी म्हणून लिनक्सवरचा आपला युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये टाका. उबंटू असेल तर मोडेममॅनेजर काढून टाका, कारण नवं सीरियल पोर्ट दिसलं की तो त्याला मोडेम समजून चाचपायला लागतो.

२. पोर्ट नावाने नाही, ओळखीने शोधा

'टीटीवाययूएसबी०' हे नाव कोडमध्ये लिहू नका. पाय रीस्टार्ट झाला किंवा दुसरा अडॅप्टर लागला की ते बदलतं. लायब्ररीचं एन्युमरेट फंक्शन सगळ्या पोर्टांचा मॅप देतं. त्यात व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि असेल तर सीरियल नंबर असतो, त्यावरून गाळा. इथे आयडी दशमान आकड्यांत येतात, हे लक्षात ठेवा. एलएसयूएसबी कमांड एफटीडीआय या चिप कंपनीचा व्हेंडर '०४०३' असा हेक्समध्ये दाखवते, तोच मॅपमध्ये १०२७ असतो. स्वस्त सीएच३४० अडॅप्टरांत बहुधा सीरियल नंबर नसतो, त्यामुळे असे दोन एकाच मशीनला लावले तर कोणता कोणाचा हे या मॅपवरून सांगता येत नाही. दोन लाइन लागणार असतील तर सीरियल नंबर असलेलेच अडॅप्टर घ्या. इथे पैसे वाचवू नका.

३. बाइटांचं काम शुद्ध फंक्शनांत ठेवा

प्रश्न तयार करणं आणि उत्तर उलगडणं ही दोन्ही फंक्शनं पोर्टला अजिबात न शिवता लिहा. प्रश्न आठ बाइटांचा: मीटरचा पत्ता, फंक्शन कोड, सुरुवातीचं रजिस्टर (मीटरमधला आकडे ठेवायचा क्रमांकित कप्पा), किती रजिस्टरं आणि शेवटी सीआरसी (चूक पकडण्यासाठीचे दोन तपासणी बाइट). सीआरसीचा खालचा बाइट आधी जातो. टेस्ट लगेच लिहा: १, ३, ०, ०, ०, १० या सहा बाइटांचा सीआरसी १९७, २०५ आलाच पाहिजे.

उलगडताना एलिक्सरचं बायनरी पॅटर्न मॅचिंग कामाला येतं. पत्ता, कोड, बाइटांची संख्या आणि डेटा हे सगळं एका ओळीत सुटं होतं. मीटरने नकार दिला तर फंक्शन कोडमध्ये १२८ मिळवलेले असतात, म्हणजे ३ च्या जागी १३१. त्यासाठी फंक्शनचं वेगळं क्लॉज (त्या पॅटर्नपुरती शाखा) लिहा. आणखी एक क्लॉज बहुतेकांचं राहून जातं. काही मीटर उपलब्ध नसलेल्या मूल्यासाठी 'नॅन' (संख्या नसल्याची खूण) पाठवतात, आणि ३२ बिटांच्या फ्लोटचा पॅटर्न नॅनला मॅचच होत नाही. क्लॉज नसेल तर प्रोसेस तिथेच कोसळते.

आकडे वेडेवाकडे आले तर दोन गोष्टी तपासा: फ्लोटची दोन रजिस्टरं उलट क्रमाने येतात का, आणि मॅन्युअलमधलं ४०००१ क्रमांकाचं रजिस्टर वायरीवर ० आहे का.

४. एक वायर, एक प्रोसेस, एका वेळी एक प्रश्न

माझा सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याने खाल्ला, आणि चुकीचा सल्लाही इथेच सर्वाधिक मिळतो. 'प्रत्येक मीटरसाठी एक प्रोसेस करा, अर्लांगमध्ये (एलिक्सरचा पाया) प्रोसेस स्वस्त असतात' हे ऐकायला छान वाटतं. प्रोसेस स्वस्त आहेत, पण वायर एकच आहे. आरएस-४८५ च्या त्या जोडीवर एका वेळी एकालाच बोलता येतं. म्हणून पोर्ट एका जेनसर्व्हरच्या (मागण्या एकेक करून हाताळणाऱ्या प्रोसेसच्या) ताब्यात द्या. बाकीच्या प्रोसेसनी त्याच्याकडे प्रश्न द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. पोर्टचा पीआयडी (प्रोसेसची ओळख) त्याच्याबाहेर जाता कामा नये.

आता खरा धोका. मॉडबस आरटीयूच्या उत्तरात पत्ता आणि फंक्शन कोड असतो, पण कोणत्या रजिस्टराचं उत्तर आहे हे नसतं. व्यवहाराचा क्रमांकही नसतो, तो नेटवर्कवरून चालणाऱ्या मॉडबस टीसीपीमध्ये आहे. समजा, तुम्ही व्होल्टेज विचारलं, मीटरला उशीर झाला आणि तुमचा टाइमआउट संपला. तुम्ही त्याच मीटरला करंट विचारला. तेवढ्यात व्होल्टेजचं रेंगाळलेलं उत्तर येतं. पत्ता बरोबर, लांबी बरोबर, सीआरसीही बरोबर, आणि डेटाबेसमध्ये करंटच्या रकान्यात २३१ जातात. पुढच्या प्रश्नाला करंटचं उत्तर मिळतं आणि मग सगळी रांग एका घराने सरकलेलीच राहते. लॉगमध्ये एकही एरर नसते. कोसळणाऱ्या प्रोग्रामपेक्षा हे वाईट आहे, कारण या आकड्यांवर कुणीतरी विश्वास ठेवून निर्णय घेत असतं.

उपाय असा. टाइमआउट सढळ ठेवा, मी एक सेकंद ठेवतो. तो उलटला तर लगेच पुढचा प्रश्न पाठवू नका. काही काळ वायर गप्प ठेवा, मग फ्लश फंक्शनने येणारा बफर रिकामा करा आणि त्यानंतरच पुढचा प्रश्न लिहा. नुसता फ्लश पुरत नाही, कारण अजून न पोचलेलं उत्तर फ्लशने जात नाही. याच्या जोडीला एक पथ्य पाळा: हवी ती रजिस्टरं शेजारी असतील तर एकाच प्रश्नात मागा, एका वेळी १२५ पर्यंत मिळतात. प्रश्न जितके कमी, तितकी अशी गफलत कमी.

फ्रेम कुठे संपली हे शांततेवरून ठरवू नका. मॉडबसच्या नियमात साडेतीन अक्षरांची शांतता म्हणजे फ्रेमचा शेवट. ९६०० बॉडला ती सुमारे ४ मिलिसेकंद भरते. एफटीडीआयच्या अडॅप्टरचा लेटन्सी टायमर (बाइट पुढे देण्याआधी तो किती थांबतो ते) मात्र मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. म्हणजे बाइट तुमच्यापर्यंत येतात तेव्हा मधल्या शांततेचा अर्थच उरलेला नसतो. त्यापेक्षा बाइट साठवत जा आणि तिसऱ्या बाइटातली संख्या अधिक पाच इतके झाले की फ्रेम पूर्ण समजा. नकाराची फ्रेम नेहमी पाच बाइटांची.

विचारणाऱ्या प्रोसेसचा टाइमआउटही पाहा. जेनसर्व्हरच्या कॉलला काही न सांगता ५ सेकंद मिळतात. दहा मीटर रांगेत असतील आणि त्यातले सहा बंद असतील, तर शेवटच्याची पाळी यायच्या आत विचारणारा कोसळलेला असेल.

५. केबल निघणं हा क्रॅश नव्हे

'लेट इट क्रॅश' (कोसळू द्या, पुन्हा उठेल) हे वाक्य इथे आंधळेपणाने लावू नका. पोर्ट इनिटमध्ये (प्रोसेस सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) उघडलंत आणि केबल निघालेली असेल तर जेनसर्व्हर सुरूच होणार नाही. सुपरवायझर (कोसळलेल्या प्रोसेस उठवणारी प्रोसेस) मुळात ५ सेकंदांत ३ वेळाच पुन्हा उठवतो. त्यापुढे तो स्वतः मरतो, आणि हळूहळू सगळं ॲप्लिकेशन खाली येतं. केबल नसणं ही स्थिती आहे आणि ती स्टेटमध्येच (प्रोसेसने जपलेल्या माहितीत) लिहिली पाहिजे. इनिट रिकामं ठेवा, पोर्ट हँडल-कन्टिन्यूमध्ये (इनिटनंतर लगेच चालणारं फंक्शन) शोधा, सापडलं नाही तर सेंड-आफ्टरने दोन सेकंदांनी पुन्हा शोधा. तोपर्यंत प्रश्न येईल त्याला 'जोडलेलं नाही' हे उत्तर ताबडतोब द्या.

चालू असताना केबल निघाली की ॲक्टिव्ह मोडमध्ये (बाइट मेसेज म्हणून आपोआप येतात तो मोड) 'ईआयओ' या इनपुट-आउटपुट एररचा मेसेज येतो. तो आल्यावर पोर्ट आठवणीने बंद करा. जुनं हँडल उघडं राहिलं तर केबल परत लावल्यावर तोच अडॅप्टर 'टीटीवाययूएसबी१' म्हणून उगवतो.

६. खरी चाचणी

यंत्रणा चालू असताना अडॅप्टर उपसा, मिनिटभराने परत लावा. वाचन आपोआप सुरू झालं पाहिजे. मग अडॅप्टर तसाच ठेवून फक्त मीटरची वायर सोडवा. या वेळी पोर्ट जोडलेलं दिसेल आणि प्रत्येक प्रश्न टाइमआउट होईल. डॅशबोर्डवर या दोन्ही गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत, कारण पहिल्यासाठी माणूस रास्पबेरी पायकडे जातो आणि दुसऱ्यासाठी पॅनल उघडायला इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो.