उपवन तलावावरील पक्ष्यांची हिवाळ्यात छायाचित्रे कशी काढावीत

ठाण्याच्या उपवन तलावाला पश्चिमेकडून येऊरचा डोंगर लागून आहे आणि पूर्वेकडे शहर आहे. त्यामुळे सकाळचे ऊन आधी डोंगरावर पडते आणि पाण्यावर मागाहून उतरते. संध्याकाळी मात्र पंचांगातला सूर्यास्त व्हायच्या आधीच तलाव सावलीत जातो. कॅमेऱ्याची बटणे फिरवण्यापूर्वी उजेडाची ही चाल समजून घेतली, तर पुढचे बरेचसे काम सोपे होते.

सर्वप्रथम जागा निश्चित करावी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो आणि तोही नेमका पूर्वेला नव्हे, तर सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून. म्हणून पूर्वेच्या काठावर, सूर्य पाठीशी घेऊन, वायव्येकडे तोंड करून बसावे. बसावे असे मुद्दाम म्हणतो, कारण कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ आला की पक्ष्यामागची पार्श्वभूमी दूर जाऊन मऊ होते आणि पक्षीही कमी बुजतो.

त्यानंतर, पक्षी येण्याआधीच, कॅमेरा तयार ठेवावा. चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती राखणाऱ्या, स्वरूपात साठवावीत, फोकस सतत मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर ठेवावा आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सोय) ‘डेलाइट’वर स्थिर करावा, तो स्वयंचलित ठेवला, तर कोवळ्या उन्हातला सोनेरीपणा कॅमेरा दोष समजून पुसून टाकण्याची शक्यता असते.

खरी कसोटी एक्स्पोजरची, म्हणजे चित्र किती उजळ किंवा गडद येईल याची आहे. हिवाळी सकाळी जमिनीलगत अडकलेल्या थंड हवेत धूर आणि धूळ साचून धुरके धरते, सूर्य त्यातून कधी फिका तर कधी एकदम लख्ख दिसतो, आणि मिनिटागणिक उजेड बदलतो. अशा वेळी शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडायचे) आपण ठरवावे व आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) कॅमेऱ्यावर सोपवावा. स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंद शटर आणि एफ ६.३ अ‍ॅपर्चर ही सुरुवात पुरेशी आहे. उडणाऱ्यासाठी १/१६०० किंवा त्याहून जलद शटर हवे, मग आयएसओ ३२०० पर्यंत चढला तरी चालेल. चित्रातले रवाळ दाणे नंतर कमी करता येतात, हललेला पंख दुरुस्त करता येत नाही.

ही सोय मात्र पार्श्वभूमीला फसते. डोंगराच्या काळपट हिरव्या सावलीपुढून पांढरा बगळा गेला, की कॅमेरा सगळे दृश्य अंधारे समजून उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसे पांढऱ्या ठिगळासारखी सपाट होतात. तेथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे १ च्या आसपास न्यावे. उलट, चकाकत्या पाण्यावरचा काळा पाणकावळा अधिक १ मागतो. ऊन एकदा स्वच्छ पडले आणि स्थिर झाले, की आयएसओही स्वतःच्या हाती घ्यावा, म्हणजे बगळा डोंगरापुढून आकाशापुढे गेला तरी त्याचे एक्स्पोजर बदलत नाही. दर थोड्या वेळाने हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या गडद (डावीकडे) ते उजळ (उजवीकडे) भागांचा आलेख, पाहावा. आलेख उजव्या कडेला आपटत असेल, तर पांढऱ्यातला तपशील हरवत आहे.

खंड्या, ढोकरी आणि पाणकावळा यांची बसण्याची जागा बहुधा ठरलेली असते. पाठलाग करण्यापेक्षा त्या जागेवर आधीच फोकस साधून वाट पाहावी. ढोकरी उडताच तिचे मातकट रूप जाऊन पांढरे पंख उघडतात. त्यामुळे तिच्यासाठी एक्स्पोजर थोडे आधीच उतरवून ठेवणे शहाणपणाचे. पक्षी मान ताठ करून पाहू लागला, तर तेथेच थांबावे. त्याला उडवण्यासाठी दगड मारणे किंवा मोबाइलवर आवाज वाजवणे मला अक्षम्य वाटते.

दहाच्या पुढे दूरच्या पक्ष्याची चित्रे फारशी धारदार येत नाहीत, कारण तापलेली हवा पाण्यावर थरथरू लागते. मोठी लेन्स लावूनही त्यावर उपाय होत नाही. जवळच्या काठावरचे परीट तेवढे टिपावेत.

संध्याकाळी तलाव सावलीत गेला आणि आकाश अजून उजळ असले, तर पिसांच्या तपशिलाचा नाद सोडावा. आकाशावर मापन करून एक्स्पोजर धरावे आणि घारी किंवा परतणाऱ्या बगळ्यांच्या केवळ आकृत्या टिपाव्यात. पंख शरीरापासून सुटे दिसतील अशाच क्षणी शटर दाबावे, नाहीतर आकृतीचा नुसता काळा गोळा उरतो.