तानपुऱ्यामागून सगळं दिसतं: मैफलीतला गोंधळ कसा टाळावा, कसा आवरावा

गायक बहुतेक वेळ डोळे मिटून गातो. तबलजीचं लक्ष गायकाकडे, पेटीवाल्याचं त्याहून जास्त. श्रोत्यांकडे तोंड करून बसलेलं आणि डोळ्यांना काही काम नसलेलं माणूस स्टेजवर एकच असतं, तानपुऱ्यावर बसलेलं. मी वर्षानुवर्षं तिथे बसते आहे, पुण्याच्या सभागृहांत, डिसेंबरातल्या मांडवांत, दिवाळी पहाटेच्या बागांत. कुणी डबा उघडलाय, कुठली दोघं भांडून आलीत, कोण पहिल्या पंधरा मिनिटांत उठणार, हे वरून स्वच्छ दिसतं. श्रोत्यांना मात्र वाटत असतं की अंधारात आपण कुणाला दिसत नाही.

आपला त्रास दुसऱ्याला होऊ नये असं ज्यांना वाटतं आणि शेजारच्याचा त्रास होतोय पण काय करावं सुचत नाही, अशा दोघांसाठी हे लिहिते आहे. आयोजकांसाठीही थोडं आहे. तो भाग त्यांनी दोनदा वाचला तरी चालेल.

आधी कार्यक्रम कुठला ते बघा

लावणीच्या फडात शिट्टी ही दाद आहे. तिथे हाताची घडी घालून गंभीर बसणाराच बेसूर. नाट्यसंगीतात ‘वन्स मोअर’ बालगंधर्वांच्या काळापासून हक्कानं मागितला जातो, फक्त पद संपल्यावर मागायचा असतो. गझलेत आवडलेला शेर ‘मुकर्रर’ म्हणून परत मागता येतो. रॉकच्या कार्यक्रमात उभं राहून ओरडायलाच लोक तिकीट काढतात, त्यात काही गैर नाही.

ख्यालाच्या मैफलीतही आवाज चालतो. ‘वा’, ‘क्या बात है’, नुसतं ‘आहा’ हे सगळं गाणं चालू असताना, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) किंवा एखादी जागा सुंदर गेल्यावर, आपसूक निघालं तर गायकाला हवंच असतं. शास्त्रीय म्हणजे श्वाससुद्धा हळू घ्यायचा, असं समजून फोटोला बसल्यासारखे बसणारे श्रोतेही गायकाला जड जातात. दाद लहान असावी आणि लगेच असावी. समेनंतर दोन मात्रांनी, सगळ्यांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं आलेली ‘क्या बात है’ ही गायकासाठी नसते, हे वर आम्हाला कळतं.

उठायचं कधी, बोलायचं कधी

ख्याल गायनाचा साधारण नकाशा लक्षात ठेवला तर बरेचसे प्रश्न सुटतात. आधी वाद्यं लागतात. मग थोडी आलापी, मग विलंबित म्हणजे संथ लयीतली बंदिश, अर्धा-पाऊण तास किंवा जास्तही. तिला जोडूनच द्रुत, म्हणजे जलद लयीतली. द्रुत संपली की टाळ्या, आणि तिथे मिनिट-दोन मिनिटांची फट. पाणी, फोन, स्वच्छतागृह, जागा बदलणं, मित्राला ‘काय गायले!’ म्हणणं, सगळं या फटीत बसतं. विलंबित संपून द्रुत सुरू होताना जी किंचित उसंत वाटते ती फट नाही. तिथे अर्धी रांग उठते आणि द्रुतचा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, खुर्च्यांच्या आवाजात जातो.

अगदीच निकड आली तर समेची वाट बघा. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे समेपासून समेपर्यंतचा एक फेरा, पाऊण-एक मिनिटाचं असतं, तेवढं कुणालाही थांबता येतं. समेवर सगळ्या सभागृहात थोडी हालचाल होते, तिच्यात तुमची मिसळून जाईल. आलाप चालू असताना मात्र उठू नका. तबला नसतो, आवाज झाकायला काही नसतं, आणि चपलेचा चटचट आवाज थेट स्टेजपर्यंत येतो.

वाद्यं लावण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण दुखणं माझं आहे. ग्रीनरूममध्ये तासभर लावून आणलेले तंबोरे स्टेजवरच्या दिव्यांखाली आणि एसीच्या झोतात पाच मिनिटांत उतरतात किंवा चढतात. मग परत खुंट्या, परत मणी, परत जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली सरकवायचा). लोकांना वाटतं अजून सुरू झालेलं नाही, त्यामुळे गप्पांना याच वेळी ऊत येतो. आणि आम्हाला ऐकू हवं असतं तेही याच वेळी. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार गप्पांच्या गोंगाटात लावून बघा कधीतरी. उलटं टोकही आहे. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम झाला. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं लावून झाली तर श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी हसतहसत सांगितलं की वाद्यं लावणंच इतकं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. मला ते श्रोते प्रिय आहेत. निदान ते ऐकत तरी होते.

फोन, खोकला आणि कागद

सायलेंटवर टाकलेल्या फोनचा गजर वाजतोच, बहुतेक फोनमध्ये. रात्री साडेआठच्या गोळीची आठवण करून देणारा गजर मैफलीतला सगळ्यात नेमाचा पाहुणा आहे. आत शिरतानाच गजर बंद करा, आणि फोन पूर्ण बंद केलात तर प्रश्नच मिटला. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवलेला फोन नुसता थरथरला तरी तीन रांगांना ऐकू जातो. मांडीवर किंवा पिशवीत, कापडात ठेवा.

रेकॉर्डिंग परवानगीशिवाय करू नये, हे झालंच. पण उंच धरलेल्या पडद्याचा उजेड मागच्यांच्या डोळ्यांत जातो, हे धरणाऱ्याला दिसत नाही. फ्लॅश तर पाच-सात मीटरपलीकडे उजेडही पाडत नाही. विसाव्या रांगेतून काढलेल्या फोटोत पुढच्यांची डोकी उजळतात, गायक अंधारातच राहतो.

खोकला कुणाला चुकलेला नाही, त्यात अपराध नाही. पण कागदातली गोळी ‘हळूहळू’ सोडवू नका. हळू सोडवली की तोच आवाज अर्धा मिनिट चालतो. घरूनच सोडवून डबीत न्या, किंवा ज्येष्ठमधाची काडी, लवंग, खडीसाखर न्या. यांना कागद नसतो.

टाळ्यांचा ठेका: हा गणिताचा प्रश्न आहे

अभंग किंवा तराना रंगला की मागून ठेका धरला जातो. प्रेमानंच धरतात. पण मांडव मोठा असेल तर हिशेब असा पडतो: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पन्नास मीटर मागे बसलेल्याला तबला सुमारे ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्याची टाळी स्टेजवर पोचायला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ०.३० सेकंद. मिनिटाला २४० मात्रांच्या तीनतालात एक मात्रा ०.२५ सेकंदाची असते. मागून मनापासून वाजवलेली टाळी वर येते तेव्हा तबलजी पुढच्या मात्रेवर गेलेला असतो. शिवाय हजार लोकांचा ठेका हळूहळू पळतो, आणि त्याला धरून ठेवायचं की सोडून द्यायचं या पेचात बिचाऱ्याचा लग्गीचा (जलद, खेळकर वादनाचा) डाव जातो.

म्हणून गायकानं हात वर करून मागितला तरच ठेका धरा, आणि गायकाच्या हाताकडे बघत धरा. बसल्या जागी ताल मोजायचा तर बोटांवर मोजा. अंगठी घातलेला हात खुर्चीच्या दांड्यावर आपटणारे बरेचदा समेला चुकतात, हे वेगळंच.

शेजारी बोलतोय, काय करू?

पहिलं म्हणजे लांबून ‘शूऽऽ’ करू नका. दोघांच्या कुजबुजीपेक्षा पाच जणांचं ‘शू’ वर जास्त ऐकू येतं. मान गर्रकन वळवून डोळे वटारल्यानंही फारसं होत नाही. समोरचा दोन मिनिटं गप्प बसतो आणि मग चिडून जास्त बोलतो.

मी पाहिलेला, हमखास लागू पडणारा उपाय असा. सम येऊ द्या किंवा टाळ्या येऊ द्या. मग थोडं वळून, चेहरा नेहमीचा ठेवून, हळू आवाजात म्हणा, “काका, मला गाणं ऐकू येत नाहीये, जरा मध्यंतरात बोलाल का?” अडचण आपली सांगायची, त्यांची चूक सांगायची नाही. ‘काका’, ‘काकू’, ‘दादा’, ‘ताई’, जे शोभेल ते लावायचं. ‘ओ मिस्टर’नं सुरुवात केलीत तर पुढचा राग तुम्हीच गाणार. एकदा सांगून झालं नाही तर दुसऱ्यांदा सांगू नका. फटीत उठून स्वयंसेवकाला रांग आणि खुर्ची दाखवा. बिल्ला लावलेल्या पोराचं लोक ऐकतात, शेजाऱ्याचं ऐकत नाहीत.

जाणकार शेजाऱ्याची जात वेगळी. हा गप्पा मारत नाही, राग ओळखतो. “मारवा.” थोड्या वेळानं, “नाही, पूरिया.” मग बायकोला, “स्वर तेच गं, पण याच्यात गंधार-निषाद...” ही माहिती खरी आहे, पूरिया आणि मारव्याचे स्वर एकच. पण ती द्यायला मध्यंतर आहे, कॉफीची रांग आहे. अशा माणसाला “मला मध्यंतरात नीट समजावून सांगाल का?” असं विचारा. खूश होऊन गप्प बसतो. मध्यंतरात मात्र ऐकावं लागेल, ही त्याची किंमत.

भारतीय बैठकीत जागेवरून वाद होतात. एका शालीवर सहा जणांची जागा धरलेली असते, आणि सहा जण येतात दुसऱ्या कलाकाराच्या मध्यावर. वाद घालायचाच असेल तर गाणं सुरू होण्याआधी घाला. सुरू झाल्यावर जिथे जागा मिळेल तिथे टेका.

प्रकरण हाताबाहेरचं असेल तर

मैदानातल्या ऑर्केस्ट्रात, सोसायटीच्या किंवा कंपनीच्या कार्यक्रमात दारू पिऊन आलेलं टोळकं भेटतं. तिथे वरचं ‘काका-दादा’ चालत नाही. प्यायलेल्या माणसाला शहाणपण शिकवायला जाऊ नका, मित्रांसमोर तो माघार घेत नाही. दोघं-तिघं मिळून तिथून उठा, जागा बदला, आणि सुरक्षा रक्षकाला किंवा साउंडच्या टेबलापाशी जाऊन सांगा. साउंडवाल्याकडे बहुतेक वेळा स्टेजशी आणि आयोजकांशी बोलायची सोय असते. निरोप तिथून लवकर पोचतो. बाईच्या अंगचटीला येणं, ढकलाढकली, बाटल्या फेकणं हे ‘गोंधळा’त मोडत नाही. आयोजक हलले नाहीत तर सरळ ११२ लावा.

कलाकारावर वस्तू फेकणं, नोटासुद्धा, हे फक्त जिथे तशी रीत आहे तिथेच. गुजराती डायऱ्यात, म्हणजे लोकसंगीताच्या बैठकीत, नोटा उधळतात. ख्यालाच्या मैफलीत फुलंही हातात नेऊन द्यावीत.

आयोजकहो

माझ्या जागेवरून सगळ्यात मोठा गोंधळ पुढच्या सोफ्यांवरून येतो. सभागृह वेळेवर भरलेलं असतं, सोफे रिकामे असतात, आणि विलंबित रंगात येत असताना प्रमुख पाहुणे आठ-दहा जणांसह येतात. पुढची रांग उठून नमस्कार करते, फोटोवाला स्टेजला पाठ करून उभा राहतो. हे थांबवणं श्रोत्यांच्या हातात नाही, तुमच्या आहे. गाणं सुरू झालं की दार बंद, उघडायचं फक्त बंदिशींच्या मधे, पाहुण्यांसाठीसुद्धा. सत्कार, शाल-श्रीफळ आणि प्रायोजकांची नावं आधी किंवा मध्यंतरात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो, बाराची सवलत वर्षातले मोजकेच दिवस मिळते. भाषणात गेलेली वीस मिनिटं शेवटच्या कलाकाराच्या रागातून कापली जातात, आणि तिकीट लोकांनी त्याच्यासाठी काढलेलं असतं.

फोन बंद ठेवायची सूचना रेकॉर्ड करून वाजवू नका, कुणी ऐकत नाही. निवेदकाला सांगा, “सगळ्यांनी आत्ता फोन हातात घ्या आणि बंद करा,” आणि त्यानं तिथेच दहा सेकंद थांबावं. लोक शेजाऱ्याला करताना बघून करतात.

लहान मुलांना ‘प्रवेश नाही’ लिहू नका. त्यांच्या आईबाबांना कडेची खुर्ची द्या. मूल रडलं तर बाहेर जायला वाट हवी, एवढीच गरज असते. मुलं खरं तर तानपुऱ्याकडे टक लावून बघतात. त्रास मोठ्यांचाच जास्त.

आणि भैरवीला उठणाऱ्यांनो

शेवटी भैरवी, म्हणजे मैफल संपवायचा राग, सुरू होते आणि पार्किंगची आठवण होते. दोघं उठतात, त्यांना बघून दहा, मग शंभर. गायक चार तास वाट बघून शेवटी बसलेला असतो आणि त्याला पाठी दिसतात. गाडी लवकर काढायची असेल तर भैरवीच्या आधीच्या टाळ्यांत निघा, कुणी काही म्हणणार नाही. नाहीतर संपेपर्यंत बसा. मधे उठून फाटकापाशी पोचलात तरी तिथे तुमच्यासारखेच शंभर जण हॉर्न वाजवत असतात, आणि तो हॉर्न आत आम्हाला षड्जावर ऐकू येतो. तोही थोडा चढाच.