जिमचा पहिला महिना: घाईत होणाऱ्या चुका टाळा

पहिल्या दिवशी मी लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, शंभर किलो लावले होते. का, तर शेजारचा पोरगा दीडशे मारत होता. सेट झाले, छाती फुगवून घरी आलो. खरी गंमत तिसऱ्या दिवशी झाली. स्टेशनचा पूल कसाबसा चढलो, पण उतरताना कठडा धरून, आडवा होऊन, खेकड्यासारखी एकेक पायरी. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, चला की!" वय तेव्हा सव्वीस. पुढचे बारा दिवस जिमकडे फिरकलो नाही.

नवख्यांची मुख्य चूक हीच: पहिल्याच आठवड्यात सगळं वसूल करायचं. सवय नसलेल्या स्नायूंचं दुखणं व्यायामानंतर साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं, त्यामुळे जिममध्ये असताना आपण किती अति केलं ते कळतच नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंकडून काम करून घ्यायला शिकते म्हणून. दंड फुगायला वेळ लागतो आणि स्नायूबंधांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) जुळवून घ्यायला त्याहून जास्त. म्हणून पहिला महिना आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून. प्रत्येक प्रकाराचे दोन सेट (फेऱ्या), एका सेटमध्ये दहा-बारा रेप्स (म्हणजे तितक्या वेळा तीच हालचाल), आणि सेट संपताना "अजून दोन-तीन सहज निघाले असते" असं वाटलं पाहिजे.

वजन मोजताना रॉड विसरू नका. मोठा ऑलिम्पिक रॉड एकटाच २० किलोचा असतो. दोन्ही बाजूंना दहा-दहाच्या प्लेटा लावल्या की ते ४० झालं, वीस नव्हे. बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून छातीवरून रॉड वर ढकलणं) रिकाम्या रॉडवर शिका, यात कमीपणा काही नाही. आणि वाढवाल ते २.५ किलोने. त्यासाठी सव्वा किलोच्या प्लेटा लागतात आणि त्या बहुतेक जिममध्ये कुठल्यातरी कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात. ट्रेनर सरांना मागा.

दुखतंय, पण कुठे?

स्नायूत पसरलेलं, ठणकणारं, हालचाल सुरू झाली की सैल होणारं दुखणं चालेल. सांध्यात एका बिंदूवर कळ येत असेल तर तो प्रकार तिथेच थांबवा. बेंच प्रेसला खांदा दुखत असेल तर बहुधा कोपरं खांद्यांच्या सरळ रेषेत उघडी पडतायत, ती थोडी अंगाकडे घ्या. मनगट दुखत असेल तर रॉड बोटांकडे सरकलाय. तो तळहाताच्या खालच्या भागावर, मनगटाच्या हाडांच्या वर हवा. स्क्वॉटमध्ये (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) गुडघे आत वळत असतील तर वजन उतरवा आणि गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने ठेवा. डेडलिफ्टनंतर (जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहणं) कंबर धरते ती पाठ गोल झाल्यामुळे किंवा रॉड नडगीपासून लांब राहिल्यामुळे. मोबाइल बाजूला टेकवून एक सेट शूट करा. आरशात समोरून दिसतं, चूक बाजूने दिसते.

घेरी येण्याची नेहमीची दोन कारणं: सकाळी नुसत्या चहावर जाणं आणि जोर लावताना श्वास कोंडून धरणं. वजन उचलताना श्वास सोडा. छातीत दुखलं किंवा भोवळ येऊन पडलात, तर मात्र डॉक्टर. अति व्यायामानंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण तुटलेल्या स्नायूंतले घटक मूत्रपिंडावर ताण आणतात.

डबा नंतर, ताट आधी

पहिल्याच आठवड्यात प्रोटीनच्या डब्यावर तीन-चार हजार घालवणारे मी खूप पाहिले. पावडर वाईट नाही, पण ती उरलेलं भरून काढायला असते. वजनं मारणाऱ्या ७० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ८५ ते ११० ग्रॅम प्रोटीन पुरतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत २५. आता सकाळचे पोहे, दुपारची पोळी-भाजी, रात्रीचा वरण-भात मोजून बघा. खड्डा कुठे आहे ते लगेच दिसेल. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे गणित डॉक्टरांना विचारूनच.

रोज काट्यावर उभं राहणंही सोडा. नवा व्यायाम सुरू झाला की स्नायू पाणी धरतात, वजन किलोभर वरही जातं. त्यापेक्षा वही ठेवा: तारीख, प्रकार, किलो, रेप्स.

शेवटचा घोळ गणपतीनंतरचा. दहा दिवस खाडा, मोदक रोज, आणि अकराव्या दिवशी माणूस वहीतलं जुनं वजन थेट रॉडवर चढवतो. पहिले दोन दिवस निम्म्यावर करा. स्टेशनचा पूल तुम्हालाही उतरायचाच आहे.