ओव्हरकमिटचं शून्य म्हणजे 'बंद' नव्हे: या चुका टाळा

उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या लिनक्स सर्व्हरवर डेटाबेस मधेच मरायचा. आधीच्या माणसानं वहीत नोंद केली होती: 'ओव्हरकमिट: ० बंद, १ चालू, २ जास्त चालू.' सगळा घोळ त्या एका ओळीत होता. ओव्हरकमिट म्हणजे हातात आहे त्याहून जास्त मेमरीचा शब्द प्रोग्रॅमना देणं.

प्रोग्रॅमनं मेमरी मागितली की कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी नुसता शब्द देतो. खरी रॅम खर्ची पडते ती प्रोग्रॅम त्या जागेत लिहायला लागल्यावर. शब्द किती सैल हाताने द्यायचा, ते ओव्हरकमिटचा (vm.overcommit_memory) आकडा ठरवतो. ० म्हणजे अंदाजपंचे. आताच्या कर्नेलमध्ये एकाच मागणीत एकूण रॅम आणि स्वॅपच्या (डिस्कवरच्या राखीव मेमरीच्या) बेरजेहून जास्त मागितलं तरच नकार मिळतो. १ म्हणजे काहीही मागा, चालतंय की! आणि २ म्हणजे हात आखडता, वहीत लिहिलं होतं त्याच्या नेमकं उलट.

वही वाचून आमच्या पोरानं २ सोडून ० लावला असता तर गोष्ट वेगळी. त्यानं 'जास्त चालू' हवं म्हणून २ लावला आणि 'कॅनॉट अलोकेट मेमरी'चा पाऊस सुरू झाला. रॅम तर निम्मी मोकळी दिसत होती! २ मध्ये मर्यादा ठरते ती अशी: स्वॅप, अधिक रॅमचे ठरावीक टक्के. ते टक्के मुळात ५० असतात. म्हणजे ८ जीबी रॅम, २ जीबी स्वॅप असेल तर शब्द फक्त ६ जीबीपर्यंत. स्वॅपच नसेल तर ४. २ जीबी स्वॅप ठेवून ८० टक्के केले की ८.४ जीबी. उरलेली रॅम वाया जाते असंही नाही, फाइलींचा कॅश तिथं सुखानं राहतो.

मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या मेमइन्फो (/proc/meminfo) फाइलीत 'कमिटलिमिट' या मर्यादेपेक्षा 'कमिटेड', म्हणजे दिलेल्या शब्दांचा, आकडा मोठा दिसला म्हणून घाबरणारेही भेटतात. ती मर्यादा फक्त २ असतानाच पाळली जाते. ० किंवा १ वर ती नुसती दिसते.

सेटिंगला हात लावण्याआधी लक्षण बघा. प्रोसेस न सांगता गायब आणि एक्झिट कोड १३७? तर डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नेलच्या नोंदी) ओओएम किलरची, म्हणजे मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेची, ओळ शोधा. तिथं 'मेमरी सीग्रुप' (प्रोसेसच्या गटाला घातलेली मेमरीची मर्यादा) असं लिहिलं असेल तर कंटेनरची स्वतःची मर्यादा भरली आहे, ओव्हरकमिट कितीही फिरवा, फरक पडणार नाही.

डेटाबेसांचंही एकमत नाही: पोस्टग्रेसचं मॅन्युअल २ सुचवतं, रेडिस १ मागतं. दोन्ही एकाच मशीनवर असतील तर आधी मशीन वेगळं करा, मग वाद घाला.

आणि सिसकंट्रोलनं (sysctl, कर्नेलची सेटिंग बदलणारी कमांड) बदललेला आकडा रीबूटला पुसला जातो. पावसाळ्यात लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली, की पुन्हा ०. सिसकंट्रोलच्या डी फोल्डरमध्ये (/etc/sysctl.d) फाइल टाका, आणि वहीत आकड्याशेजारी तो का लावला तेही लिहा.