ब्राकेत्तो उघडताय? मग या चुका टाळा

ब्राकेत्तो द'आक्वी ही इटलीतल्या पिएमोंते भागातली गोड, फेसाळती लाल वाईन. आस्ती आणि आलेस्सांद्रिया या दोन प्रांतांतल्या टेकड्यांवर, आक्वी तेर्मे या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाच्या आसपास होते. मद्यार्क जेमतेम 5 ते 7 टक्के, वास गुलाबाचा आणि स्ट्रॉबेरीचा. इतकी सरळ वाईन, तरी इथे तोरिनोत, म्हणजे ट्युरिनमध्ये, आपली मंडळी तिचे जे हाल करतात ते बघवत नाहीत.

पहिला आणि सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे गोड वाईन आहे म्हणून ती मिठाईबरोबर देणं. एका दिवाळीला फराळाला जमलो होतो. वहिनींनी गुलाबजाम केले होते, दुधाच्या पावडरचे, पण पाक घरच्यासारखा. एका उत्साही दादाने ते वाढल्या वाढल्या ब्राकेत्तो ओतली. पहिल्या घोटाला तोंड वाकडं. "ताई, ही आंबलीय! दुकानदाराने फसवलं." साहेब पावती शोधायला लागले. त्यांना म्हटलं, आधी चूळ भरा, मूठभर चिवडा खा आणि मग पुन्हा घोट घ्या. खाल्ला, प्यायले, आणि बाटलीचं लेबल फिरवून बघितलं. "ही तीच का?"

तीच. पाकाने जीभ इतकी गोड झाली होती की वाईनमधली साखर जाणवलीच नाही, उरला फक्त आंबटपणा. समोरचा पदार्थ वाईनपेक्षा कमी गोड हवा, एवढंच बघायचं. गुलाबजाम, जिलबी, बासुंदी, श्रीखंड सगळं बाद. पिएमोंतेत हिच्याबरोबर हेझलनटचा कोरडा केक खातात, तो मला सर्वांत आवडतो. स्ट्रॉबेरी किंवा पीच चालतील, पण वरून साखर भुरभुरायची नाही. डार्क चॉकलेटही जमतं. आक्वीच्या शेजारचं रोबिओला दी रोक्काव्हेरानो हे बकरीच्या दुधाचं चीज आणि सलामी, म्हणजे मुरवून वाळवलेलं मांसाचं सॉसेज, यांच्याबरोबरही मजा येते. आणि हो, चिवडा. मद्यार्क कमी, गोडी भरपूर, त्यामुळे मिरची भडकत नाही.

दुसरं दुखणं म्हणजे शोकेस. "वाईन जितकी जुनी तितकी भारी" हे कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं आणि बिचारी बाटली वर्षानुवर्षं दिवाणखान्यातल्या दिव्याखाली उभी राहते. फेसाळती ब्राकेत्तो बहुतेक वेळा बंद, दाब सहन करणाऱ्या टाकीत आंबवतात. ही पद्धत याच भागातल्या फेदेरिको मार्तिनोत्ती यांची, 1895 सालच्या पेटंटची. थोडा मद्यार्क तयार झाला की टाकी गार करून यीस्ट थांबवतात आणि वाईन गाळून घेतात. साखर मागे राहते, वायू आतच अडकतो. हा सगळा खटाटोप द्राक्षाचा ताजा वास टिकवण्यासाठी असतो, आणि जुनेपणात पहिला तोच जातो. मग रंग विटकरी होतो, चव शिळ्या जॅमची. मी लेबलवर सर्वांत ताजं साल बघूनच घेते आणि वर्षाच्या आत संपवते.

फ्रीझर: नको. विसरलात तर बूच उडेल किंवा काच तडकेल. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. अर्ध्या तासात काम होतं. 8 ते 10 अंश पुरे. ग्लासात बर्फ टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना सरबत देते.

उंच अरुंद ग्लास फोटोपुरता. वास घ्यायचा तर पोटाला जरा रुंद ग्लास हवा.

"गोड इटालियन लाल फेसाळती" एवढंच सांगून दुकानदार देईल ते उचलू नका. हातात लाम्ब्रुस्को येऊ शकते. ती एमिलिया-रोमान्या या इटलीच्या दुसऱ्या भागातली, वेगळ्या द्राक्षांची आणि बऱ्याचदा कोरडी. लेबलवर 'सेक्को' म्हणजे कोरडी, 'आमाबिले' बऱ्यापैकी गोड, 'दोल्चे' गोड. आता आक्वी भागातूनही रोझे (म्हणजे गुलाबी) नावाने कोरडी फेसाळती येते, म्हणून तिथेही वाचूनच घ्या.

बूच उडवून छत रंगवायचं नसेल तर तार सैल करतानाच अंगठा वर ठेवा, बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा, बूच नाही. उरलेल्या बाटलीत चमचा उलटा लटकवल्याने फेस टिकत नाही. फेसाळत्या वाईनचं चिमट्याचं झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. तेही झाकण नसेल तर आणखी एकाला जेवायला बोलवा.