सह्याद्रीचे डोंगर उपग्रह प्रतिमांवर पाहताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईच्या पूर्वेला पारसिकची टेकडी, तिच्यापलीकडे मलंगगडापासून माथेरान-प्रबळगडापर्यंत गेलेली रांग आणि त्याही मागे मुरबाडच्या दिशेने उभा असलेला घाटमाथा, असा डोंगरांचा मोठा पट पसरलेला आहे. तो समजून घ्यायला आज गूगल अर्थ आणि इस्रोचे भुवन ही साधने कोणालाही उपलब्ध आहेत. तरीही भूगोलाचे विद्यार्थी आणि नवखे गिर्यारोहक त्याच त्या ठिकाणी फसतात, कारण उपग्रह प्रतिमा एका दिवसाचा, एका तासाचा उजेड दाखवते. उंची मात्र नकाशावरच्या समोच्च रेषाच, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषाच सांगतात. प्रतिमा आधी पाहून नकाशा नंतर उघडण्याची सवय उलटी केली, तर पुढच्या बहुतेक चुका आपोआप कमी होतात.

सर्वांत जास्त फसवणारी चूक म्हणजे दरी डोंगरासारखी आणि डोंगर दरीसारखा दिसणे. सेंटिनेल-2 सारखे उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्यावरून जातात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो, त्यामुळे सावल्या वायव्येकडे पडतात. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून येतो असे मानण्याची सवय आहे आणि उत्तर वर ठेवलेल्या प्रतिमेत तो खालच्या उजव्या कोपऱ्याकडून आलेला असतो. संगणकावर तयार केलेल्या छायांकित नकाशांत उजेड वायव्येकडून आल्याचे मानण्याचा संकेत आहे, म्हणून ते नकाशे पाहून प्रतिमेकडे वळणाऱ्याचा गोंधळ आणखी वाढतो. यावर उपाय सोपा आहे: प्रतिमा फिरवून दक्षिण दिशा वर आणावी, म्हणजे उठाव बहुधा लगेच सुलटा दिसतो. तरी शंका राहिली, तर पाणी शोधावे. मोरबे किंवा बारवीच्या जलाशयाकडे जे ओहोळ उतरतात ते दरीतूनच उतरतात आणि त्यांच्यामधला उंचवटा ही सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार असते.

याच सावलीचा दुसरा परिणाम घाटमाथ्यावर होतो. कोकणाकडे तोंड करून उभे असलेले कडे पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून सकाळच्या प्रतिमेत ते अंधारात असतात आणि डिसेंबरात त्यांची सावली कड्याच्या उंचीएवढी किंवा तिच्याहून थोडी अधिक लांब पडते. तो काळा पट्टा पाहून तिथे दाट जंगल किंवा खोल घळ आहे असा समज करून घेऊ नये. जुन्या तारखांच्या प्रतिमा पाहण्याची सोय वापरून त्याच जागेची मे महिन्यातली प्रतिमा उघडावी. त्या वेळी सूर्य इतका वर असतो, की सावली कड्याच्या उंचीच्या निम्म्याहूनही कमी भरते आणि कड्याचा पायथा मोकळा दिसतो. पावसाळ्यातल्या प्रतिमांची आशा धरू नये, ढगांमुळे त्या क्वचितच कामाच्या निघतात.

वाट ओळखताना होणारी चूक जिवावर बेतू शकते. मार्चनंतर कोरडा पडलेला ओहोळ वरून पांढरट रेघेसारखा, थेट पायवाटेसारखा दिसतो. त्याला वाट समजून उतरणारा माणूस कोरड्या धबधब्याच्या माथ्यावर येऊन अडकतो, जिथून पुढे उतरता येत नाही आणि परत चढणेही अवघड असते. म्हणून प्रत्येक रेघ समोच्च रेषांवर ठेवून पाहावी. ओहोळ ओलांडताना समोच्च रेषेचे टोक चढाच्या बाजूला वळते, तर सोंडेवर ते उताराच्या बाजूला वळते. पायवाट सहसा सोंड धरते, वळणे घेत चढते आणि एखाद्या वाडीशी जाऊन मिळते. अर्थात सह्याद्रीत नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून चढणाऱ्या वाटाही आहेत आणि नाणेघाट हे त्याचे प्राचीन उदाहरण आहे. त्यामुळे नकाशावरून केलेला अंदाज पायथ्याच्या गावात विचारून पक्का करणे आवश्यकच आहे.

त्रिमितीय दृश्यावर सर्वांचा फार विश्वास असतो. त्यामागची उंचीची माहिती सामान्यतः चौकटींच्या जाळीत साठवलेली असते. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीची जगभर वापरली जाणारी जाळी सुमारे 30 मीटरची आहे. इतक्या मोठ्या चौकटीत अरुंद सुळका गोल टेकाड होऊन जातो आणि उभा कडा चढता येण्याजोगा उतार वाटतो. शिवाय एका जागी एकच उंची नोंदवता येत असल्यामुळे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा तिच्यात बसूच शकत नाही. गूगल अर्थमध्ये उंची वाढवून दाखवण्याचे प्रमाण 1 वर आहे ना, हेही पाहून घ्यावे.

स्थलनिर्देशक नकाशालाही मर्यादा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषांमधले अंतर 20 मीटर असते, म्हणून 15 मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मधे पूर्ण लपू शकतो. आडव्या थरांच्या बेसॉल्टमध्ये असे टप्पे जागोजागी आहेत. त्याच नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर हे अंतर आडवे असते. तेवढ्यात 600 मीटर चढ असेल, तर उतार सरासरी 31 अंशांचा होतो, हे फूटपट्टी सांगत नाही.

आपल्या भागापुरती एक अडचण वेगळी आहे. 73 अंश पूर्व रेखांश आणि 19 अंश उत्तर अक्षांश नवी मुंबईच्या किनाऱ्याजवळ एकमेकांना छेदतात, त्यामुळे सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांनुसार 47 ए, बी, ई आणि एफ या चारही नकाशा-पत्रकांच्या कडा इथे मिळतात. मलंगगड ई मध्ये, तर प्रबळगड एफ मध्ये पडतो. एकच पत्रक हाती घेऊन ही रांग अभ्यासली, तर ती अर्ध्यातच तुटलेली दिसते. अक्षांश-रेखांश ठरवण्याच्या प्रणाली वेगवेगळ्या असतात; ही जुनी पत्रके एव्हरेस्ट प्रणालीवर आणि मोबाइल डब्ल्यूजीएस 84 या प्रणालीवर चालतो, म्हणून पत्रकावरून घेतलेले अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये भरले, तर जागा सरकते. 1916 साली सुरू झालेल्या पारसिक बोगद्याचे तोंड नकाशा आणि प्रतिमा दोन्हींवर शोधून पाहावे. ते जुळले नाही, तर आधी अ‍ॅपमधली प्रणाली बदलावी आणि मगच वाट आखायला घ्यावी.